रोज अकरा सेकंद पुढे

+११

हा आकडा हॉस्पिटलच्या एका फॉर्मवर आहे आणि त्याच्याखाली माझी सही आहे, त्यामुळे सुरुवात इथूनच करावी लागते.

फॉर्मचं नाव : रुग्णाच्या मौल्यवान वस्तू नातेवाइकाच्या ताब्यात दिल्याबाबत. तीन प्रती, मध्ये दोन कार्बन. ‘वस्तू’ या रकान्यात क्लार्कने लिहिलं, मनगटी घड्याळ, चावीचे, एक. ‘स्थिती’च्या रकान्यात तो आपल्या मनानेच ‘चालू’ लिहून पुढे सरकणार, तेवढ्यात माझ्या सासऱ्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं.

“चालू म्हणजे कसं चालू?”

“चालू म्हणजे चालू, आजोबा. बंद नाही.”

“रोज अकरा सेकंद पुढे जातं. तसं लिहा.”

क्लार्कने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. मागे रांगेत पंधरा माणसं होती, त्यातल्या एकाचा हात गळ्यात बांधलेला होता. क्लार्कने लिहिलं : चालू, रोज ११ सेकंद पुढे. ताब्यात घेणाऱ्याचे नाते : जावई. मी सही केली.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. चौतीस वर्षं ते एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटजवळच्या खोलीत बसून बाराशे माणसांची हजेरी घ्यायची आणि उशिरा आलेल्याच्या नावापुढे लाल शेरा मारायचा, हे काम. निवृत्त झाल्यावर बाराशेतला एकच माणूस त्यांच्याकडे उरला, तो म्हणजे मी. लग्नाच्या दिवशी मी हॉलवर सात मिनिटं उशिरा पोचलो होतो. त्याला चौदा वर्षं झाली. अजूनही मी कुठे वेळेवर पोचलो की नाना म्हणतात, “आज लवकर?”

रोज सकाळी सात वाजता ते रेडिओ लावतात. बातम्यांआधी ठोके पडतात. शेवटच्या ठोक्याला सेकंदकाटा कुठे आहे ते बघायचं : अकराव्या रेघेवर. ते डायरीत लिहायचं. मग चावी ओढून घड्याळ थांबवायचं, तोंडाने एक ते अकरा मोजायचं, चावी दाबायची. घड्याळ पुन्हा जगाबरोबर. चहा त्यानंतर. ही गोष्ट एकतीस वर्षं चाललेली आहे आणि त्या डायऱ्या मी पाहिल्या आहेत. पानामागून पान अकरा, अकरा, अकरा. माझ्या पगाराच्या स्लिपासुद्धा इतक्या एकसारख्या नाहीत.

नानांच्या पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन दोनदा ठरलं आणि दोनदा ऐनवेळी रद्द झालं, कारण टेबलावर न्यायच्या सकाळी त्यांचं बीपी एकशे ऐंशीच्या घरात. या वेळी डॉक्टरांनी त्यांना सोमवारीच भरती करून घेतलं, ऑपरेशन शुक्रवारी ठेवलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “एकशे चाळीसच्या वर असेल तर मी हात लावणार नाही. पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळेल. तोपर्यंत एखादा खडा सरकला तर अवघड होईल. शुक्रवारपर्यंत त्यांना कसलंही टेन्शन देऊ नका.”

मी मान डोलावून वॉर्डात आलो. नानांनी घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं.

“जावईबापू, हातात घाला. सकाळी चावी द्या. सातला ठोक्याशी लावून बघा. मी फोन करीन. अकरा असले की मला बरं वाटतं.”

+१७

मंगळवार. शेवटचा ठोका पडला आणि सेकंदकाटा सतरावर होता.

मी रेडिओकडे पाहिलं. रेडिओला काही पश्चात्ताप दिसत नव्हता. सहा सेकंद म्हणजे काय असतं? सहा सेकंदांत माणसाला धड शिंकताही येत नाही. पण एकतीस वर्षं अकरा असलेलं घड्याळ माझ्या हातात एक रात्र राहतं आणि सतरा होतं, हे ज्याला कळणार होतं त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा लावलेला होता.

नानांसारखंच सतरा मोजून घड्याळ जगाबरोबर आणलं. सात वाजून एक मिनिटाने फोन.

“किती?”

“अकरा,” मी म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, “बरोब्बर अकरा?”

“बरोब्बर.”

“बरं.”

बायको चहा गाळत होती. तिने गाळणं खाली ठेवलं. “सतरा सांगायचं ना मग.”

“आणि बीपी?”

“सहा सेकंदांनी बीपी चढतं?”

“तुझ्या वडिलांचं?”

तिने गाळणं परत उचललं. चौदा वर्षांत माझा एक मुद्दा तिला पटला, तो हा.

मी ठरवलं : कोणाला न कळता घड्याळ अकरावर आणायचं. शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. सहा सेकंद कमी करायचे होते. म्हणजे दिवसाला दोन. गणित सोपं होतं, आणि मला गणितात कायम काठावरचे मार्क पडत आले आहेत हे मी त्या क्षणी विसरलो.

कोणाला न कळता हा भाग दुपारपर्यंतच टिकला. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मी मिनिटामिनिटाला मनगट का बघतोय असं विचारलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळा विभाग सल्ले देत होता. उजव्या हातात घाला. आत घाम गेला असेल, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. चावी कमी द्या, उपाशी घड्याळ हळू चालतं. आमच्या साहेबांनी तर केबिनमध्ये बोलावून, दार लावून, गंभीरपणे सांगितलं की त्यांच्या मेहुण्याने घड्याळ फ्रिजमध्ये ठेवलं होतं. पुढे काय झालं, मी विचारलं. ते म्हणाले, “पुढे घटस्फोट झाला, पण तो वेगळ्या कारणाने.”

खिडकी क्रमांक तीन, पाच आणि पुन्हा तीन

त्याच दिवशी संध्याकाळी नानांना भेटायला गेलो, तेव्हा आधी त्या क्लार्ककडे गेलो. मला सुचलेली कल्पना अशी होती की फॉर्मवरच्या अकराच्या आधी नुसता ‘सुमारे’ हा शब्द घालून घ्यायचा. उद्या काही झालंच तर कागद आपल्या बाजूने असावा.

“दुरुस्ती पाचला,” क्लार्क म्हणाला.

पाच नंबरची खिडकी म्हणाली, अर्ज लागेल. मी बाकावर बसून अर्ज लिहिला, तो असा :

विषय : ‘११’ ऐवजी ‘सुमारे ११’ करण्याबाबत. महोदय, उपरोक्त घड्याळ हे यंत्र असून यंत्रास चढउतार असणे स्वाभाविक आहे. सदर चढउतारास ताब्यात घेणारा जबाबदार नाही. तरी कृपया ‘सुमारे’ हा शब्द अंतर्भूत करावा. आपला विश्वासू, ताब्यात घेणारा.

पाच नंबरने तो दोनदा वाचला. “ठीक आहे. पण वस्तूचं वर्णन रुग्णाने दिलंय, त्यामुळे दुरुस्तीवर रुग्णाची सही लागेल. इथे. आणि सही का करतोय ते त्यांना वाचून दाखवलं म्हणून इथे तुमची.”

मी अर्ज घडी करून खिशात ठेवला. तीन नंबरचा क्लार्क उठून विचारायला आला, “झालं काम?” मी म्हणालो, विचार करून येतो.

वॉर्डात नाना उशीला टेकून बसले होते. माझ्या मनगटाकडे त्यांनी पाहिलं आणि मी हात पाठीमागे घेतला. सिस्टरने तक्त्यावर लिहिलं : १४४.

+२३

आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त इंजिनियर राहतात. त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, त्यामुळे पुलाहून लहान कुठलीही वस्तू त्यांना सोपी वाटते. मंगळवारी घरी पोचलो तर बायकोकडून सगळं ऐकून ते जिन्यातच उभे होते.

“रात्री कसं ठेवलं होतंत?”

“आरशाजवळच्या खुंटीला अडकवलं होतं.”

“तिथेच चुकलात. गुरुत्वाकर्षण. आता कुशीवर ठेवा. चावीची बाजू खाली. सगळा भार चावीवर.”

मी ठेवलं. दोन पुस्तकांच्या मध्ये, चावी खाली, जणू घड्याळालाच सलाईन लावलंय. बुधवारी सकाळी : तेवीस.

“किती?”

“अकरा, नाना.”

“बरोब्बर?”

“बरोब्बर.”

या वेळची शांतता कालच्यापेक्षा लांब होती. मी ती नानांच्याच घड्याळावर मोजली : चौदा सेकंद. त्यातूनही काही वजा करायला हवेत. मग ते म्हणाले, “दुपारी कोण येतंय भेटायला?” बायको जाणार होती. ती परत आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. “एकशे बावन्न. डॉक्टर विचारत होते घरी काही झालंय का. मी म्हटलं काही नाही. बाबा नुसते माझ्याकडे बघत होते हो. मी रिपोर्टची फाइल हातात घेतली तर म्हणाले, काय लिहिलंय? मी म्हटलं, काही नाही, खडे. तर म्हणाले, बरोब्बर खडे?”

कशामुळे चढतंय ते कोणालाच कळेना. गोळी वाढवली.

तीस सेकंद

घड्याळाची टिकटिक ऐकून त्याची चूक सांगणारं ॲप फोनवर मिळतं, असं काकांनी शोधून काढलं. अट एकच : तीस सेकंद संपूर्ण शांतता. बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाभोवती उभे राहिलो. बायकोने पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. शेजारच्या ताईंना दारातून विनंती केली की अर्धा मिनिट मिक्सर नको. त्यांनी कारण विचारलं. कारण सांगायला चार मिनिटं लागली.

एक. फोन घड्याळाशेजारी. काका श्वास रोखून.

पाच. नळ ठिबकतोय. बायको तर्जनी नळाच्या तोंडाला लावते.

नऊ. माझ्या पोटातून आवाज. काका माझ्या पोटाकडे बघतात, जसं कंत्राटदाराकडे बघत असतील.

चौदा. शेजारच्या ताई दारातून, कुजबुजत, “झालं का?”

पुन्हा एक.

दुसऱ्या खेपेला तीस पूर्ण झाले. फोनवर हिरवी खूण आली. घड्याळ सापडले, चूक : शून्य. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मात्र फोन उलटा ठेवला, कारण मला शून्य नको होतं, अकरा हवं होतं. आणि तेवीसचं शून्य झालंच कसं? बायकोने शांतपणे भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. सेलवरचं. त्याची टिकटिक स्वयंपाकघरापर्यंत जाते. इतकी वर्षं आम्ही ती ऐकतोय आणि म्हणून आम्हाला ती ऐकूच येत नाही.

आता इथे माझ्या हातून जे झालं ते मी पटकन सांगून टाकतो. काकांनी चिकटपट्टीचा गोळा केला, तो घड्याळाच्या पाठीवर दाबून फिरवला आणि झाकण निघालं. आत एक चाक पुढेमागे, पुढेमागे हेलकावे घेत होतं, आणि त्याच्या पोटात केसासारखी स्प्रिंग श्वास घेत होती. शेजारी एक बारीक दांडी. तिच्या एका टोकाला अधिकची खूण, दुसऱ्याला उणेची.

“हे बघा, लिहून ठेवलंय,” काका म्हणाले. “उणेकडे. केसभर.”

मी टूथपिक घेतली. केसभर म्हणजे कोणाचा केस हे ठरलेलं नव्हतं.

−३ मिनिटे ४० सेकंद

गुरुवार सकाळ.

“किती?”

“अकरा.”

नानांनी या वेळी ‘बरोब्बर?’ असं विचारलंच नाही. फोन ठेवला. मला वाटलं, सुटलो. एक दिवसच उरला होता.

लिहिता येत नाही

काकांना आपली चूक मान्य नव्हती. टूथपिक हे अवजारच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ते सकाळी आठला स्वतःचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. टोकाला लोहचुंबक, म्हणजे पडलेला स्क्रू आपोआप चिकटून येतो. त्यांनी दांडी अधिकच्या बाजूला ढकलली. स्प्रिंग एकदम आखडली, तिची वेटोळी एकमेकांना चिकटली आणि घड्याळ उधळलं.

उधळलं याला दुसरा शब्द नाही. साडेनऊला ऑफिसात पोचलो तेव्हा त्यात साडेअकरा वाजले होते. त्याला कान लावला तर कोणी दाढा वाजवल्यासारखा आवाज. मीटिंगमध्ये साहेब बोलत असताना मी सवयीने मनगट पाहिलं, जेवणाची वेळ झाली म्हणून उठलो, आणि अख्खी मीटिंग माझ्याकडे बघू लागली. बसलो. पुन्हा पाहिलं तर ऑफिस सुटायची वेळ होत आली होती. तेवढ्यात बायकोचा फोन आला : एकशे साठ. डॉक्टर म्हणालेत उद्या सकाळी बघू, पण आशा कमी आहे.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘सासऱ्यांचे घड्याळ’ लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि नुसती सही केली. त्यांना मेहुणा आठवला असावा.

घड्याळजींचं दुकान दोन इमारतींच्या मधल्या फटीत आहे. एक काउंटर, एक खुर्ची, एक माणूस. डोळ्याला भिंग लावूनच ते बोलतात, त्यामुळे समोरच्याला आपण उघडून ठेवलेलो आहोत असं वाटत राहतं.

“कोणी हात लावला?”

“आपोआप झालं.”

“टूथपिकने आपोआप?” त्यांनी चिमट्याने आतून लाकडाचं एक बारीक कुसळ काढून कागदावर ठेवलं. “आणि चुंबक. चुंबक कोणाचं?”

मी सगळं सांगितलं. फॉर्म, अकरा, सतरा, तेवीस, काका. ते ऐकत होते आणि मध्येमध्ये भिंग काढून पुसत होते.

“तुमचे सासरे घड्याळ रात्री कसं ठेवतात?”

“बशीत. आडवं. तोंड वर.”

“आणि तुम्ही खुंटीला टांगलंत, मग कुशीवर झोपवलंत. आडव्या घड्याळाची चाल वेगळी, टांगलेल्याची वेगळी. शिवाय हात. तुमचे सासरे हात फार हलवत नसतील.”

“ते टाइमकीपर होते. टेबलावर ठेवून बसायचे.”

“तुम्ही?”

माझा हात तेव्हाही हलतच होता.

“त्यांच्या हातावर अकरा, तुमच्या हातावर सतरा. घड्याळ बिघडलेलं नव्हतंच. बिघडवलंत ते बुधवारी.”

हे वाक्य मला मंगळवारी कोणी सांगितलं असतं तर? पण मंगळवारी मी घड्याळजी सोडून बाकी सगळ्यांना विचारत होतो.

त्यांनी घड्याळ एका कड्यातून सावकाश ओढून घेतलं. चुंबकत्व उतरलं, स्प्रिंगने अंग सैल केलं. मग घड्याळ मशीनवर ठेवून दांडीला नखाएवढा धक्का द्यायला ते वाकले, तेव्हा मी म्हणालो, “अकरा सेकंद पुढे करून द्या.”

ते सरळ झाले. “पुढे?”

“होतं तसं.”

“मी चूक काढतो,” ते म्हणाले. “चूक बसवत नाही. पन्नास वर्षांत कोणी मला घड्याळ बिघडवून मागितलं नाही.”

“एका माणसाच्या ऑपरेशनचा प्रश्न आहे हो.”

“मग त्या माणसाला आणा. त्याच्या मनगटावर किती जाईल ते मशीनला कळत नाही. मनगट आणा, अकरा करून देतो.”

“मनगट हॉस्पिटलात आहे.”

“तर मग मी माझं काम करतो,” असं म्हणून त्यांनी भिंग परत डोळ्याला लावलं, आणि नंतरच्या माझ्या सगळ्या विनवण्या त्या भिंगावर आदळून खाली पडल्या.

शून्य

शुक्रवार, सकाळी सात. मी घड्याळ बशीत, आडवं, तोंड वर ठेवलं होतं. शेवटचा ठोका आणि सेकंदकाटा बाराच्या आकड्यावर, दोघं एकदम. आयुष्यात इतकी अचूक गोष्ट माझ्या घरात कधी घडली नव्हती, आणि ती बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

फोन वाजला नाही. सात एक, सात दोन, सात पाच. आम्ही रिक्षा पकडली.

वॉर्डात नाना हिरव्या गाऊनमध्ये बसले होते, पाय खाली सोडून. सिस्टर पट्टा सोडवत होत्या. “एकशे अडुसष्ट,” त्या आम्हाला म्हणाल्या, जणू आमच्याच दंडाचं आहे. “दहा मिनिटांनी शेवटचं घेते. चाळीसच्या वर असेल तर आज नाही.”

बायको नानांच्या शेजारी बसली. मी उभाच राहिलो. शेजारच्या बेडवरचा रुग्ण भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होता.

“फोन का नाही केलात बाबा?” बायकोने विचारलं.

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. “किती?”

अकरा हा शब्द माझ्या जिभेवर तयारच होता. चार दिवस तो तिथेच राहायला आला होता. पण सिस्टरचा तो पट्टा बेडवर पडलेला, बायकोचा चेहरा, आणि नानांचे डोळे. ते लाल शेरा मारणाऱ्या माणसाचे डोळे नव्हते. ते घाबरलेले होते.

“शून्य,” मी म्हणालो.

“आणि काल?”

“उणे तीन मिनिटं चाळीस.”

“परवा?”

“तेवीस. मंगळवारी सतरा. एकदाही अकरा नव्हतं.”

बायकोने डोळे मिटून घेतले. मी थांबलो नाही. एकदा सुरू झालो की मला कुठे थांबायचं ते कळत नाही, हे या सगळ्या प्रकरणाचंच मूळ आहे. खुंटी सांगितली, काका सांगितले, चिकटपट्टीचा गोळा, टूथपिक, चुंबक, मीटिंगमधून उठणं, घड्याळजींनी काढलेलं कुसळ. खिशातून तो अर्ज काढून ‘सुमारे’सुद्धा दाखवला. शेजारच्या बेडवरचा रुग्ण झोपेतच या कुशीवर वळला.

सगळं संपल्यावर नाना म्हणाले, “मला माहीत होतं.”

“काय?”

“अकरा नाही ते. माझ्या धाकट्या भावाने एकदा आठवडाभर घातलं होतं. त्याच्या हातावर एकोणीस. हातागणिक बदलतं. मी तुमच्याकडून सोळा-सतरा ऐकायच्या तयारीत होतो. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात बरोब्बर अकरा.”

“मग बोलला का नाहीत?”

नानांनी गाऊनची गाठ चाचपली. “मी विचार केला, हे लोक मला सहा सेकंदसुद्धा खरे सांगत नाहीत. मग रिपोर्टात काय असेल?”

मंगळवार एकशे चव्वेचाळीस, बुधवार एकशे बावन्न, गुरुवार एकशे साठ. तो जिना मीच बांधला होता, एकेक अकरा रचून.

“बाबा, नुसते खडे आहेत हो,” बायको म्हणाली. “तुमची शपथ.”

“तू बोलू नकोस. तू माझी मुलगी आहेस, तू बरंच बोलणार.” त्यांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली. “हे सांगू देत.”

मी फाइल उघडली आणि रिपोर्ट वाचला. पहिल्या ओळीपासून. तारीख, वजन, यकृत नेहमीच्या आकाराचे, पित्ताशयात चार खडे, सर्वांत मोठा नऊ मिलिमीटर, इतर काही आढळले नाही. खाली डॉक्टरांची सही, तीही वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसं सांगितलं.

“नऊ,” नाना म्हणाले. “सुमारे नाही?”

“नाही. नऊ.”

त्यांनी एक लांब श्वास सोडला. सिस्टर आल्या, पट्टा गुंडाळला, फुगा दाबला. आम्ही सगळे त्या काट्याकडे बघत होतो. तो खाली येत होता आणि येतच होता.

“एकशे चौतीस,” सिस्टर म्हणाल्या, आणि खात्री करायला पुन्हा घेतलं. “एकशे बत्तीस. घ्या, ट्रॉली आणा.”

माझा जीव भांड्यात पडला. बायको चक्क हसली. आणि तेवढ्यात नाना खाकरले.

“सिस्टर, एक सांगायचं राहिलं. सकाळी मी चहा घेतलाय.”

सिस्टर वळल्या. “काय घेतलंय?”

“अर्धा कप. यांच्या थर्मासमधला.” त्यांनी शेजारच्या बेडकडे बघितलं. शेजारचा रुग्ण पुन्हा भिंतीकडे वळला. “दुधाचा.”

“रात्रीपासून काहीही पोटात नको, हे तुम्हाला तीनदा सांगितलंय आजोबा.”

“चारदा.” नानांनी आता माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी चौदा वर्षांत प्रथमच ओशाळेपण पाहिलं. “मी ठरवूनच घेतला. तुम्ही आज परत अकरा म्हणाला असतात, तर मी डॉक्टरांना चहाचं सांगून घरी जाणार होतो. भूल द्यायच्या आधी त्यांना विचारावंच लागतं ना. आता तुम्ही सगळं खरं सांगितलंत, तर मी कसा लपवू?”

बायकोने कपाळाला हात लावला. मी खुर्चीत बसलो. सिस्टर आत गेल्या. काचेच्या दारातून त्यांचं फोनवरचं बोलणं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. दोन महिने, खडा सरकणं, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून दोनदा जाऊन आलं. मग त्या तक्ता घेऊन बाहेर आल्या.

“दुधाच्या चहानंतर सहा तास जायला लागतात. किती वाजता घेतलात? नक्की सांगा, अंदाजे नको.”

“सहा बारा,” नाना म्हणाले. त्यांच्या मनगटावर चार दिवस घड्याळ नव्हतं.

“म्हणजे तुम्हाला दुपारी साडेबाराला घेतील. डॉक्टर तयार आहेत.”

नानांच्या कपाळावर आठी पडली. मला ती आठी ओळखीची होती. “सहा बारापासून सहा तास म्हणजे बारा बारा. साडेबारा का?”

“आजोबा.”

“मधली अठरा मिनिटं कशाची?”

मी सिस्टरकडे पाहिलं. बायकोने सिस्टरकडे पाहिलं. पट्टा अजून नानांच्या दंडावरच होता. सिस्टरने पेन कानामागे खोचलं, दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“भूल देणारे डॉक्टर तेव्हा जेवतात.”

नानांनी यावर विचार केला. मग त्यांनी पाय वर घेतले, उशी स्वतःच सारखी केली आणि आडवे झाले.

“असं असेल तर लिहा,” ते म्हणाले. “साडेबारा.”